बोटाचं ऑडिट

माझ्या उजव्या हाताची तर्जनी सुजली तेव्हा मी चाकणच्या कंपनीत मोटारीच्या प्लॅस्टिकच्या भागांवर हात फिरवत उभा होतो. गेली कित्येक वर्षं मी तेच करतो. मी क्वालिटीचा माणूस. साच्यातून निघालेल्या भागाच्या कडेला एखादं बारीक कुसळ राहिलं तर ते कॅमेऱ्याला दिसत नाही, डोळ्यालाही दिसत नाही, पण माझ्या तर्जनीला लागतं. कुणाला गळ्याचा अभिमान असतो, कुणाला अक्षराचा. मला या बोटाचा होता, आणि तो मी लपवतही नसे. नव्या पोरांसमोर मी ते बोट असं हवेत धरून उभा राहायचो की बायको म्हणते, तुमचा पुतळा झाला तर त्याच पोजमध्ये होईल.

तर तेच बोट सुजलं. एखादं पेर नाही, मुळापासून नखापर्यंत अख्खं बोट. शेजारची बोटं नेहमीसारखी सडपातळ आणि मध्ये हे एकटंच लग्नघरच्या जेवणावर आल्यासारखं. शिफ्टमधला माझा जोडीदार मराठवाड्यातला आहे, त्याला दुसऱ्याच्या दुःखात फार गंमत दिसते. आमच्याकडे नापास मालाला लाल टॅग बांधतात आणि त्यावर एनजी लिहितात, म्हणजे नॉट गुड. त्याने तसला एक टॅग आणून माझ्या बोटाला सुतळीने बांधला आणि म्हणाला, "राव, तुमचं बोट रिजेक्शनला टाकावं लागतंय." मी त्याच्यावर खेकसलो. उरलेली शिफ्ट मी मधल्या बोटाने काढली. मधल्या बोटाला यातलं ओ की ठो कळत नाही.

घरी आलो. आमचं घर संत तुकाराम नगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी, बायको आणि आई. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीकडे बघून लगेच शेरा द्यायची सवय आहे. तिने माझं बोट उजेडात धरलं आणि म्हणाली, "अहो, हे आईंसारखंच दिसतंय."

इथे आईच्या हातांबद्दल सांगायला हवं. माझ्या आईची बोटं वाकडी आहेत. शेवटची पेरं तर अशी वळलीत की तिने एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं तर भलताच माणूस दचकतो. मूठ वळत नाही. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरते. मी लहान होतो तेव्हापासून हे असंच आहे आणि घरात त्याला सगळे एका शब्दात 'वात' म्हणतात. तेल लावायचं, शेकायचं, थंडीत कुरकुर करायची, झालं. कधीतरी कुणा डॉक्टरने हात लांबूनच बघून संधिवात आहे म्हणून सांगितलं, वेदना थांबायच्या गोळ्या दिल्या, त्यावर आईची इतकी वर्षं गेली.

बायकोचं वाक्य ऐकलं मात्र, आई स्वयंपाकघरातून उसळून बाहेर आली. आई तळेगावच्या पलीकडच्या मावळातली, रागावली की तिची भाषा थेट गावी जाते.

"काय न्हाई! माझं येगळं, ह्याचं येगळं!"

"तसं नाही आई, मी आपलं म्हटलं..."

"म्हनायचंच न्हाई. माझं दोनी हातांला हाय, ह्याचं एका हाताला हाय. माझं थंडीत दुखतं, ह्याचं उन्हाळ्यात दुखाया लागलं. माझं कामानं झालं. ह्यानं घरात कवा कप तरी उचललाय का?"

शेवटचा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे बायको गप्प बसली. पण आई गप्प बसली नाही. त्या दिवसापासून तिने एक मोहीमच काढली. जिन्यात कुणी माझं बोट बघून "आईचंच आलं वाटतं" म्हणालं की ती त्याला तिथेच अडवायची आणि तिच्या दुखण्यात आणि माझ्या दुखण्यात काय काय फरक आहे ते पायरी-पायरीने समजवायची. भाजीवालीला समजावलं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला समजावलं, आणि त्या बिचाऱ्याने माझं बोट अजून पाहिलंही नव्हतं. मला तर वाटायला लागलं की तिला तिच्या वाताचा मोठा अभिमान आहे आणि तो असा कुणाही ऐऱ्यागैऱ्याला, म्हणजे मला, मिळावा हे तिला खपत नाही.

मी हसत होतो, पण आतून टरकलो होतो. रोज सकाळी उठलो की आधी आईच्या हाताकडे बघायचो आणि मग माझ्या बोटाकडे. हे बोट तसं वाकलं तर मी कंपनीत काय करणार? मला ऑफिसात बसवतील, संगणकासमोर. तिथे बसणाऱ्या लोकांना मी आजवर काय काय बोललोय ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे.

क्वालिटीतल्या माणसाला दुखणं आलं की तो देवाकडे जात नाही, मूळ कारणाकडे जातो. आमच्यात एक पद्धत आहे: दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं. मी रविवारी बायकोला समोर बसवलं आणि विचारलं, बोट का सुजलं? ती म्हणाली, दुखत होतं म्हणून. का दुखत होतं? दिवसभर वापरता म्हणून. का वापरतो? दुसऱ्या कुणावर विश्वास नाही म्हणून. का विश्वास नाही? स्वभाव. स्वभाव असा का? तिने आतल्या खोलीकडे, आईच्या दिशेने, नुसती मान वळवली. मूळ कारण सापडलं होतं, पण त्यावर कार्यवाही शक्य नव्हती.

मग जोडीदाराने निदान केलं. त्याच्या चुलत्याला असंच झालं होतं, युरिक ॲसिड. डाळ बंद. मी डाळ बंद केली. घरात आमटी व्हायची ती आई आणि बायको माझ्यासमोर भुरकून खायच्या आणि मी कोरडी भाकरी आणि भोपळा खात बसायचो. आठवडाभरात मी इतका चिडका झालो की लाइनवरची पोरं मला बघून माल स्वतःच नापास करायला लागली. शेवटी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड अगदी जागच्या जागी. वर गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं, युरिक ॲसिडचं दुखणं बहुतेकदा एकाएकी येतं, पायाचा अंगठा धरतं आणि माणसाला चादरीचा स्पर्शही सोसू देत नाही, तुमचं तसं नाही. हे त्याने आठवडाभर आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या रात्री मी आमटीच प्यायलो, वाटीने.

त्याच डॉक्टरने आमवाताची म्हणून आणखी एक रक्तचाचणी करायला लावली होती, तीही निगेटिव्ह आली. आमच्या धंद्यात दोष सापडला नाही की माल पास. मी पेढे आणायच्या बेतात होतो. आई तर रिपोर्ट हातात घेऊन शेजारी गेली. तिला वाचता येत नाही, पण तिने तो बरोबर उलटा धरून दाखवला, "बघा, मी म्हनत न्हवते? माझं न्हाईच."

रिपोर्ट पास झाला, पण बोट नापासच राहिलं. भरीत भर म्हणून टाचा धरल्या. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की मागच्या शिरेत अशी कळ यायची की मी मोरीपर्यंत बदकासारखा जायचो. गंमत म्हणजे चालत राहिलं की कमी व्हायचं. कंपनीच्या बसपर्यंत पोचेपर्यंत मी बराचसा माणसात यायचो आणि बसमध्ये बसून कुरुळीचा फाटा येईपर्यंत पुन्हा बदक. सुट्टीच्या दिवशी आराम केला की सोमवारी दुप्पट. असं दुखणं मी कधी ऐकलं नव्हतं, की आराम केला की वाढतं. मला वाटलं हे कंपनीच्या मालकानेच शोधून काढलं असावं.

शेवटी बायकोने चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या फक्त सांध्यांच्याच आजारांवर औषध देतात. आणि इथे मी जे केलं ते आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूसच करू शकतो.

आमच्याकडे ऑडिट हा मोठा सण आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येणार म्हटलं की आदल्या दिवशी जमिनीवरच्या पिवळ्या रेघा नव्याने रंगवतात. तेल गळणाऱ्या मशीनखाली पुसून तिथे 'सुरक्षा प्रथम'ची पाटी उभी करतात. संशयास्पद मालाच्या ट्रॉल्या कँटीनच्या मागे नेऊन ताडपत्री टाकतात. जो कामगार खरं बोलतो त्याला रजा देतात. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पाहुणे यायचे असले की घर आवरतात, तसंच.

तर मीही आवरलं. डोक्यात कोंडा होता, खवले पडायचे. ते औषधी शाम्पूने दोनदा घासून काढले. कोपरांवर खरखरीत पांढुरके चट्टे होते, त्यांना चार दिवस आधीपासून मेडिकलवाल्याने दिलेलं मलम चोळून कोपरं तुकतुकीत केली. नखं मुळापर्यंत कापली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते, ते बरे दिसेनात म्हणून आम्ही साच्यांना चकाकी आणायला वापरतो तो पॉलिश पेपर घेऊन एकेक नख घासलं. असं घासलं की त्यात ट्यूबलाइट दिसायला लागली. आणि निघताना, डॉक्टरसमोर लंगडत जाणं शोभत नाही, म्हणून एक वेदनाशामक गोळी घेतली.

बायकोची शाळा होती, म्हणून आई बरोबर आली. "ह्या आजाराची म्हायती मला हाय, तुला काय सांगाया येनार," असं म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं काढलं आणि नखांना ताजी मेंदी लावली. आई नेहमीच नखांना मेंदी लावते. उघड्या नखांनी बाहेर जाणं तिला उघड्या डोक्याने जाण्यासारखं वाटतं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि त्यांना अजिबात घाई नव्हती.

"काय त्रास होतो?"

"बोट सुजतं."

त्यांनी बोट बघितलं. गोळीमुळे ते त्या दिवशी बऱ्यापैकी शहाणं झालं होतं. "आत्ता दुखतंय?"

"आत्ता नाही."

"टाच?"

मी उठून खोलीभर ऐटीत चालून दाखवलं.

"त्वचेवर कुठे चट्टे?" मी कोपर पुढे केलं. "डोक्यात खवले?" मी मान वाकवली. एखादा चांगला माल दाखवावा तसं मी सगळं दाखवत होतो आणि प्रत्येक 'नाही'बरोबर माझी छाती फुगत होती. मग त्यांनी माझं नख दिव्याखाली तिरपं धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"नखांना काय केलंय तुम्ही?"

"पॉलिश," मी म्हणालो. "कंपनीचा पेपर आहे. सगळ्यात बारीक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे काम करता?"

"चाकणला. क्वालिटीत."

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऑडिटची तयारी करून आलात. तुमच्याकडचे बरेच पेशंट असेच येतात. एक जण तर मागच्या महिन्यात सुजलेल्या गुडघ्याला पावडर लावून आला होता."

मला वाटलं त्या कौतुक करतायत. पण त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, मला ताडपत्रीखालचाच माल बघायचा असतो. सांध्यांचे हे आजार एकमेकांसारखे दिसतात. रक्ताचा रिपोर्ट अर्धवट सांगतो. उरलेलं मला तुमच्या कोंड्यातून, नखांतून आणि लंगडण्यातून कळतं, आणि तेच तुम्ही घासून आलात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असंही नसतं."

आता हे वाक्य मी रोज लाइनवरच्या पोरांना ऐकवतो, मापाच्या गेजमध्ये बसलं म्हणजे चांगलं असं नसतं रे. माझंच वाक्य मला कुणी फीशिवाय ऐकवलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी हुकूम दिला. दोन आठवड्यांनी हातापायांचा एक्स-रे काढून या. तोवर वेदनाशामक गोळी नाही, अगदी सोसवेना झालं तर फोन करा. मलम नाही, औषधी शाम्पू नाही, नखांना हात लावायचा नाही. "जसे आहात तसे या," त्या म्हणाल्या. उठता उठता आईने त्यांना आपल्या आणि माझ्या आजारातले सगळे फरक सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

ते दोन आठवडे मी गबाळेपणा डॉक्टरी सल्ल्याने केला. आयुष्यात असं सुख नाही आणि अशी फजितीही नाही. त्यातच बायकोच्या मावसभावाचा तळेगावला साखरपुडा आला. मी काळा कुर्ता घातला, कारण धुतलेला तोच होता. मान हलवली की खांद्यांवर पांढरं पडायचं. बायको अर्धा वेळ नवरीकडे बघत होती आणि अर्धा वेळ माझे खांदे झटकत होती. नखं वाढली होती. कुणाचा हात हातात घेतला की समोरचा हात परत घेऊन बोटं मोजल्यासारखा बघायचा. कंपनीत तेव्हाच स्वच्छता सप्ताह चालू होता. जोडीदार म्हणाला, "राव, तुम्ही सोडून सगळी लाइन चकाचक झाली." आणि बोट पुन्हा फुगलं, पहिल्यापेक्षा जास्त. शर्टाचं बटण लावायला बायको लागायची. एका सकाळी ती बटण लावत असताना आई दारात उभी राहून बघत होती. मी बघितलं तशी ती आत गेली.

दुसऱ्या खेपेला आईला घेऊन मी आत शिरलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. मी लंगडत होतो, खवले झडत होते. मला बघून इतका आनंद झालेली बाई मी लग्नानंतर पाहिली नव्हती.

त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन्ही हातांना सारखं की एकाच? मधल्या पेरांना की नखाजवळच्याही? सकाळी आखडलेलं किती वेळ राहतं? आरामाने वाढतं की कमी होतं? मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आम्हीही हेच विचारतो: दोष कुठल्या साच्याचा, कुठल्या बाजूचा, शिफ्टच्या सुरुवातीला की शेवटी. मी फटाफट उत्तरं दिली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. मग त्यांनी कानामागे बघितलं, केसांत बघितलं, आणि म्हणाल्या, "आता बेंबी दाखवा."

"का वं बाई?" आई मध्ये पडली. "दुखतंय बोट, आनि बेंबी कशाला?"

"तिथे लपतं, मावशी."

बेंबीत खरंच चट्टा होता. इतकी वर्षं ती माझ्याच पोटावर आहे आणि मला पत्ता नाही.

"याला इंग्रजी पुस्तकांत सॉसेजसारखं बोट म्हणतात," बोट दाबून बघत त्या म्हणाल्या.

"म्हंजी काय?" आईने विचारलं.

बाईंनी सांगण्याचा प्रयत्न केला. मांसाहारी पदार्थ आहे, लांबुळका, दोन्हीकडे बंद. आईने बोटाकडे नीट बघितलं. "म्हंजी रताळं," ती म्हणाली. बाईंनी ते मान्य केलं.

मग त्यांनी समजावलं. शरीराचा बंदोबस्त करणारी जी यंत्रणा असते, ती या सगळ्या आजारांत बिघडते आणि आपल्याच घरात मारामारी करते. कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला बाहेरच्याला सोडून आपल्याच कामगारांना बदडत सुटावा तसं. पण कुठे बदडतो त्यावरून तो कोण ते ओळखायचं. आमवात बहुधा दोन्ही हातांना सारखाच धरतो, मुळाची आणि मधली पेरं धरतो, नखाजवळचं पेर शक्यतो सोडतो. दुसरा एक आहे तो तरण्या माणसाच्या कण्याला आणि माकडहाडाच्या बाजूला धरतो. आणि तिसरा हा, तुमचा. हा कधी एकच बोट अख्खं फुगवतो, टाचेची शीर धरतो, नखाजवळच्या पेरात शिरतो, आणि जाताना नखांवर खड्डे आणि डोक्यात खवले ठेवून जातो. त्याला कोंडा म्हणतात लोक, पण तो सोरायसिस असतो. हा सोरायसिसचा संधिवात. एक्स-रेही तसंच सांगतोय.

"घरात कुणाला आहे का असं?" त्यांनी विचारलं.

"कुनाला न्हाई," आई ताडकन म्हणाली. "माझं येगळं हाय."

"नखांवर असे खड्डे?"

आईने माझा हात ओढून घेतला, नख बघितलं आणि हसली. हसली ती जिंकल्यासारखी. "ह्ये व्हय? ह्याला आजार म्हनता? आवं बाई, असली नखं तर माझी बी हायेत! ह्याच्या मामाची बी हायेत! आनि कोंडा तर आमच्या समद्या खानदानात हाय, त्याचा बोटाशी काय संबंध?" आणि पुरावा म्हणून तिने दोन्ही हात टेबलावर पसरले. दोन आठवड्यांत मेंदी वर सरकली होती. खाली नवं नख उघडं पडलं होतं, सगळं खड्ड्याखड्ड्यांचं, धुण्याच्या दगडासारखं.

डॉक्टरीणबाईंनी आईचा हात जवळ ओढला. वाकलेली शेवटची पेरं एकेक करून चाचपली. उजव्या हाताची जास्त वाकलेली, डाव्याची कमी. दोन्ही हातांना सारखं नव्हतंच. आम्ही इतकी वर्षं ते हात बघत होतो. मग त्यांनी विचारून आईचे कानामागचे केस बाजूला केले आणि तिथे थोडा वेळ बघत राहिल्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"ह्यो शाळंत जात व्हता तवापासून. कोंडा हाय त्यो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. बाईंनी हात न सोडता सांगितलं, "मावशी, तुमचं वेगळं नाही. तुमचं आणि त्यांचं एकच आहे."

माझी आई भांडेल असं मला वाटलं. मी वाट बघत होतो. तिने नुसता पदर सावरला आणि विचारलं, "मंग ह्याची बोटं माझ्यावानी व्हनार?"

"तशी होऊ द्यायची नाहीत म्हणून तर औषध द्यायचं. ते लवकर आलेत. आता चांगली औषधं आहेत. पक्की खात्री कुणीच देत नाही, मीही देणार नाही, पण वाकण्याच्या आधी आजार रोखता येतो."

"मंग आजच द्या."

"आजच देतेय. तुम्हालाही द्यायचंय, पण आधी तुमचं रक्त आणि एक्स-रे बघते."

"माझं ऱ्हाऊ द्या. माझी झाली की वाकडी."

"वाकलेली सरळ होणार नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हे सरळ सांगितलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. "पण सकाळचं दुखणं कमी होईल. राहिलेली वाकायची थांबतील."

आईने आपले हात उलटसुलट करून बघितले, जणू त्यातलं काय काय राहिलंय ते शोधत होती. मग म्हणाली, "बघा बापडं, तुमची मर्जी."

मला औषध मिळालं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही, हे बाईंनी आम्हा दोघांकडून शाळेतल्यासारखं वदवून घेतलं. आईला तपासण्या लिहून दिल्या.

आम्ही रिक्षात बसलो. आई रिक्षात कधी गप्प बसत नाही. ती रिक्षावाल्याचं गाव विचारते, मुलं विचारते, आणि उतरेपर्यंत त्याच्या धाकट्याचं लग्न जमवते. त्या दिवशी ती बाहेर बघत राहिली. मला वाटलं दमली. मी तिला हसवायला म्हणालो, "काय मग, गॅसवाल्याला आता जाऊन सांगावं लागेल, चूक झाली म्हणून."

ती हसली नाही. बाहेर बघतच म्हणाली, "तुझं बोट सुजलं ना, त्या दिशीच मला कळलं व्हतं."

"काय कळलं होतं?"

"माझंच हाय म्हनून. माझं बी पयलं असंच झालं व्हतं. एकच बोट. हेच."

मला राग आला. खरंच आला. डाळ सोडली होती मी, साखरपुड्यात हसं करून घेतलं होतं. "मग अख्ख्या बिल्डिंगशी भांडत का होतीस? माझं वेगळं, माझं वेगळं म्हणून?"

"मंग काय करू?" आई म्हणाली. "व्हय म्हनले असते तर खरं झालं असतं."

पुढे सिग्नल होता, रिक्षा थांबली. मी तिचा हात हातात घेतला. जपून घेतला, कारण दोघांचेही दुखत होते.